वाचकांचे प्रश्न : सुरुवातीची दोन मिनिटे

लघुपटाच्या सुरुवातीचे चित्रीकरण आणि संकलन यांविषयी विद्यार्थ्यांनी प्रश्न पाठवावेत, असे गेल्या अंकात म्हटले होते. आलेल्या पत्रांतून पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण निम्म्याहून अधिक पत्रांतील तक्रार मुळात तीच आहे.

प्रश्न : आम्ही माध्यमविद्येच्या तृतीय वर्षाचे चार विद्यार्थी आहोत. पंधरा मिनिटांच्या लघुपटाची पहिली दोन मिनिटे तयार करून दाखवावीत, असा प्रकल्प आम्हाला मिळाला आहे. कथेत शहरात राहणारी एक मुलगी शेवटच्या एसटीने गावी उतरते, वर्षभर बंद असलेल्या आजोबांच्या घराचे कुलूप उघडते आणि स्वयंपाकघरात तिला चुलीत विस्तव दिसतो. आमच्याकडे ४८ मिनिटांचे फुटेज आहे आणि पहिला कट, म्हणजे शॉट जोडून केलेली पहिली आवृत्ती, ३ मिनिटे ४० सेकंदांचा झाला आहे. प्रत्येकाला आपला शॉट हवा आहे. काय काढावे यावरून आता आमचे एकमेकांशी बोलणेही बंद झाले आहे. कटची आणि कच्च्या फुटेजची लिंक सोबत पाठवत आहोत. (चौघे मित्र, सांगली)

उत्तर : तुमचा कट मी तीनदा पाहिला : एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकला. हाताशी घड्याळ ठेवून काढलेला हिशेब असा आहे. बसस्थानकावर ५२ सेकंद, वाटेवरच्या चालण्यात ४०, कुलपाशी २५, घरात ७० आणि शेवटी आजोबांच्या आठवणीत ३३ सेकंद गेले आहेत. म्हणजे तुमची नायिका घरात पाऊल टाकते ती १ मिनिट ५७ सेकंदांनी. ज्या विस्तवासाठी ही सगळी सुरुवात रचली, त्याच्यापर्यंत प्रेक्षक पोहोचण्याआधीच तुम्हाला दिलेली वेळ संपलेली असते.

भांडण मिटवण्यासाठी आधी एक वाक्य लिहून काढा आणि ते संगणकाच्या वर चिकटवा. मी तुमच्या जागी असतो तर असे लिहिले असते : ‘या बंद घरात कुणीतरी राहत आहे, हे प्रेक्षकाला मुलीबरोबरच कळावे, तिच्या आधी नाही आणि नंतरही नाही.’ वाक्य चौघांनी मिळून ठरवावे, त्यासाठी हवे तर एक संध्याकाळ घालवावी. ते एकदा ठरले की ‘हा शॉट माझा आहे’ हा युक्तिवाद गळून पडतो आणि ‘हा शॉट या वाक्याच्या कामाचा आहे का’ एवढाच प्रश्न उरतो.

या वाक्याच्या कसोटीवर सर्वांत आधी आजोबांची आठवण बाद होते. चूल कुणी पेटवली, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात नीट उमटण्याआधीच तुम्ही चुलीशी बसलेले आजोबा दाखवून त्याला उत्तर सुचवून टाकता. ती ३३ सेकंदे वाईट नाहीत, ती आठव्या-नवव्या मिनिटाची आहेत. लघुपट पूर्ण कराल तेव्हा कामी येतील, म्हणून ती पुसू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

बसस्थानकावरचा फलक, तिकीट, पायरीवरून उतरणारे पाय आणि धूळ यांचे शॉट सुंदर आहेत, पण ते सारे मिळून एकच गोष्ट सांगतात की मुलगी एसटीने आली. त्यासाठी तुमच्याकडे एक आवाज आहे, ज्याची किंमत तुम्हाला कळलेली दिसत नाही. कंडक्टरची डबल बेल! महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला डबल बेल आणि त्यामागोमाग इंजिनचा चढता आवाज ऐकू आला की गाडी सुटली, हे दाखवावे लागत नाही. काळ्या पडद्यावर पहिली नावे येऊ द्या, त्याखाली डबल बेल वाजू द्या आणि चित्र उघडेल ते थेट लांब जाणाऱ्या लाल दिव्यांवर. गाडी निघून जाण्याचा तुमचा मूळ शॉट १४ सेकंदांचा आहे. त्यातले फक्त शेवटचे सहा सेकंद घ्या, ज्यात मुलगी एकटी उभी आहे आणि रातकिडे ऐकू येऊ लागतात. ज्याने तो शॉट घेतला त्याला आठ सेकंद गमावल्याचे दुःख होईल, पण उरलेल्या सहांत त्याचा शॉट अधिक चांगला दिसेल.

चालण्याचे दोनच शॉट ठेवा, मिळून नऊ सेकंद. निवडताना दिशा पाहा. तुमच्या पाचपैकी दोन शॉटमध्ये ती डावीकडून उजवीकडे जाते आणि तिघांत उजवीकडून डावीकडे. ही दोन्ही प्रकारची दृश्ये शेजारी ठेवली की ती काहीतरी विसरून मागे फिरली, असे वाटते. दोन्ही शॉट एकाच दिशेचे घ्या.

आता कुलूप. येथे मात्र हात आखडता घेऊ नका, कारण तुमच्या सुरुवातीचा जीव येथे आहे आणि तो तुम्ही कापून टाकला आहे. तुम्ही निवडलेल्या पाचव्या टेकमध्ये मुलगी गंजलेल्या कुलपाशी झटापट करते. सोबत पाठवलेल्या कच्च्या फुटेजमध्ये तिसरा टेक आहे, ज्यात किल्ली पहिल्याच फिरकीत सहज फिरते आणि ती क्षणभर हातातल्या कुलपाकडे पाहत राहते. अभिनय पाचव्यात चांगला आहे, हे मान्य. पण वर्षभर बंद असलेल्या घराचे कुलूप लोण्यासारखे उघडावे, ही या कथेतली पहिली खूण आहे. ती योगायोगाने तुमच्या कॅमेऱ्यात आली आणि तुम्ही ती चूक समजून बाजूला ठेवली. तिसरा टेक पूर्ण वापरा. तिच्या चेहऱ्याचा वेगळा क्लोज-अप जोडून प्रेक्षकाला कोपराने ढोसू नका. ज्याच्या लक्षात येईल त्याच्या येईल, ज्याच्या येणार नाही त्याला विस्तव पाहिल्यावर मागचे आठवेल.

दार ढकलण्याचा कट बाहेरून आत जातो आणि तो सध्या अडखळतो, कारण बाहेरच्या शॉटमध्ये दार पूर्ण उघडल्यावर तुम्ही आतला शॉट सुरू केला आहे. कट हालचालीच्या पोटात मारा. दार एक तृतीयांश उघडले की बाहेरचा शॉट सोडा आणि आतला शॉट त्याच स्थितीच्या दोन-तीन फ्रेम आधीपासून सुरू करा, म्हणजे हालचालीचा तेवढा तुकडा दोनदा दिसेल. कागदावर हे चुकीचे वाटते. पण कटच्या क्षणी नजर नव्या चित्रात जागा शोधत असते आणि तेवढ्या फ्रेम तिला दिसतच नाहीत. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर हा सगळा खेळ दशांश सेकंदाचा आहे. एक-एक फ्रेम पुढेमागे करून दहा वेळा पाहा. बाहेर असताना पिशवी डाव्या खांद्यावर आहे आणि आत उजव्या. ते खटकत असेल, तर थेट कटऐवजी मध्ये खाली पडणाऱ्या कडीचा एका सेकंदाचा शॉट टाका. तेवढ्या वेळात कोणीही खांदा बदलू शकते.

घरात गेल्यावर मुलीने दचकून तोंडावर हात ठेवण्याची गरज नाही. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एकाच नटाचा निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी असा जोडून दाखवला, तेव्हा प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक तर कधी शोक दिसला. तुमच्याकडे तिचा नुसता पाहण्याचा चार सेकंदांचा शॉट आहे. तो, मग विस्तव, मग पुन्हा तोच चेहरा. भीती प्रेक्षक स्वतः आणून ठेवेल.

असे केले तर काळ्या पडद्याचे दहा, बसचे सहा, वाटेचे नऊ, कुलपाचे चोवीस, घरातले अठ्ठावन्न आणि शेवटी चित्रपटाच्या नावाचे आठ, अशी ११५ सेकंदे होतात. उरलेली पाच खिशात ठेवा, आवाजाचे काम करताना लागतात.

राहिला चौघांचा प्रश्न. कीबोर्डवर एकच हात असावा. बाकीच्या तिघांनी संकलन चालू असताना मागे खुर्च्या टाकून बसू नये. कट पूर्ण झाल्यावर पाहावा आणि आपापल्या वहीत वेळेसह लिहावे. लिहिताना ‘हा शॉट काढ’ असे न लिहिता ‘येथे मला ती कुठे चालली ते कळले नाही’ असे लिहावे. उपाय शोधणे संकलकाचे काम आहे, अडचण सांगणे तुमचे. प्रत्येक कटला क्रमांक द्या आणि जुना कट कधीही पुसू नका. शेवटी, कथा अजिबात ठाऊक नसलेल्या माणसाला, उदाहरणार्थ कँटीन चालवणाऱ्या काकांना, कट दाखवून फक्त विचारा : काय झाले आणि पुढे काय होईल असे वाटते? त्यांनी पहिल्याचे उत्तर बरोबर आणि दुसऱ्याचे चुकीचे दिले, तर तुमचे काम झाले आहे.

प्रश्न : आमच्या गटाने मोबाइलवर चित्रीकरण केले आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. संगणकावर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण शॉटच्या शेवटापर्यंत आवाज मागे पडतो. शिवाय वर्गातल्या दृश्यात चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : मोबाइल प्रकाशाच्या अंदाजाने फ्रेमची गती क्षणोक्षणी किंचित बदलत असतो, सेटिंगमध्ये ३० लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात ती कमी-जास्त होते. संकलनाचे सॉफ्टवेअर ती स्थिर आहे असे धरून चालते, म्हणून आवाज सरकत जातो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून सर्व फाइली स्थिर फ्रेमरेटवर रूपांतरित करून घ्या आणि त्यानंतरच टाइमलाइनवर टाका. संकलन आधीच झाले असेल, तर निदान संवादांचे तुकडे लहान करून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जुळवा. रेकॉर्डरचा सॅम्पल रेट (आवाजाचे नमुने घेण्याची गती) ४८ किलोहर्ट्झवर ठेवलेला होता का, तेही तपासा. आणि प्रत्येक टेकच्या आधी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवत जा. टाळीचा टोकदार आवाज आणि हात मिटल्याची फ्रेम जुळवली की काम होते; त्यासाठी क्लॅपची पाटी विकत घ्यावी लागत नाही.

पट्टे ट्यूबलाइटचे आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेमला सारखाच प्रकाश मिळतो. १/६० असेल तर मिळत नाही आणि पट्टे फिरू लागतात. चित्रीकरण २५ फ्रेमवर आणि १/५० शटरवर करावे. मोबाइलचा मूळ कॅमेरा हे ठरवू देत नसेल, तर ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखे मोफत अ‍ॅप देते. झालेल्या शॉटमधले पट्टे काढण्याचे उपाय आहेत, पण ते वेळखाऊ आणि अर्धवट असतात. वर्गातले दृश्य दिवसा, दिवे बंद करून, खिडकीच्या उजेडात पुन्हा घ्यावे, हा माझा सल्ला.

प्रश्न : दोन मित्रमैत्रिणी समोरासमोर बोलतात असे दृश्य आहे, पण जोडल्यावर दोघेही एकाच दिशेला पाहताना दिसतात. पुन्हा चित्रीकरण शक्य नाही. संकलनात एक शॉट आडवा उलटवला तर चालेल का? (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : दोघांच्या मध्ये एक काल्पनिक रेषा असते आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे, तुमचा कॅमेरा पलीकडे गेला. शॉट उलटवणे हा जुना आणि उपयोगी उपाय आहे, पण उलटवण्याआधी चित्रात काय आहे ते नीट पाहा. मागे दुकानाची पाटी असेल तर अक्षरे उलटी होतील. मुलाच्या शर्टाचा खिसा डावीकडून उजवीकडे जाईल. साडी नेसलेली व्यक्ती असेल तर डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर दिसेल, आणि आपल्याकडचा प्रेक्षक ‘ही गुजराती पद्धतीने का नेसली’ असा विचार करीत तुमचा संवाद ऐकायचा विसरेल. तुमच्या दृश्यात मुलगी पंजाबी ड्रेसमध्ये आहे आणि मागे नुसती भिंत आहे, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे तिचाच शॉट उलटवा. केसांचा भांग तिरका असेल तर मात्र तोही बाजू बदलेल, तेवढे पाहून घ्या. नाही जमले तर मध्ये चहाच्या ग्लासांचा किंवा हातांचा शॉट टाका, म्हणजे प्रेक्षक जुनी दिशा विसरतो.

प्रश्न : माझी मुलगी दुबईत केंब्रिज मंडळाच्या मीडिया स्टडीज या विषयासाठी, नावांसह जास्तीत जास्त दोन मिनिटांची चित्रपटाची सुरुवात तीन वर्गमैत्रिणींबरोबर तयार करीत आहे. तिला नावे मराठी अक्षरांतही द्यायची आहेत. पण ती पडद्यावर विस्कटलेली दिसतात. शिवाय पार्श्वसंगीत म्हणून तिच्या आजीच्या आवडीचे १९६२ सालचे एक गाणे घ्यावे, असे तिच्या मनात आहे. गाणे जुने आहे आणि श्रेय दिले आहे, तेव्हा हरकत नसावी ना? (एक पालक, दुबई)

उत्तर : आधी गाण्याचे पाहू. श्रेय देणे हा सौजन्याचा भाग आहे, त्याने परवानगी मिळत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६२ च्या मुद्रणापुरती ती मुदत २०२२ अखेर संपली. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते गीतकार व संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. ‘जुने आहे’ एवढ्याने गाणे मोकळे होत नाही, ते असे. त्यातून आपली कन्या दुसऱ्या देशात आहे, आणि या अभ्यासक्रमात संगीत स्वतःचे किंवा कॉपीराइटमुक्त असावे अशी अपेक्षा असते. भारतातील वाचकांसाठी एवढे सांगतो की महाविद्यालयाच्या आवारात, केवळ शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे होणाऱ्या सादरीकरणाला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. महोत्सवाला किंवा यूट्यूबला ती लागू होत नाही.

मला विचाराल तर आजीच्या आवडीच्या गाण्यापेक्षा आजीच घ्यावी. तिला जात्यावरच्या एक-दोन ओव्या येत असतील तर मोबाइलवर, पंखा बंद करून, शांत खोलीत मुद्रित कराव्यात आणि तिची लेखी संमती घ्यावी. परंपरेने आलेल्या ओवीवर कुणा कंपनीचा दावा नसतो.

आता अक्षरे. देवनागरी विस्कटते ती दोन कारणांनी. काही सॉफ्टवेअर मुळात रोमन अक्षरांसाठी जुळवलेली असतात आणि त्यांच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. तो निवडला नाही की जोडाक्षरे सुटी होतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. दुसरे कारण आपल्या हौसेचे असते. इंग्रजी नावांमध्ये अक्षरांतले अंतर वाढवले की ती भारदस्त दिसतात. मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. टाइपरायटरसारखे एकेक अक्षर उमटवण्याचा प्रकारही टाळावा, कारण ‘कि’मधली वेलांटी आणि ‘क’ यांतले आधी काय उमटावे हे त्या प्रभावाला कळत नाही. पूर्ण शब्द एकदम, हळूच उजळू द्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांतली जोडाक्षरे पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. प्रत्येक नाव मनात दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ ठेवावे. नावांच्या क्रमात दिग्दर्शकाचे नाव शेवटी येते. संकलक, छायाचित्रण, संगीत हे त्याच्या आधी.

प्रश्न : आमच्या पाच जणांच्या गटात एका मैत्रिणीने कॅमेऱ्याला हातही लावला नाही. तिने डबे आणले, परवानगीची पत्रे लिहिली आणि फुटेज सांभाळले. श्रेयनामावलीत तिचे नाव कोणत्या पदाखाली घालावे यावर एकमत होत नाही. (विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : ‘निर्मिती व्यवस्थापन’ या पदाखाली, आणि संकोच न करता. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या दादासाहेब फाळके यांच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे करीत होत्या आणि घरात राहणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. त्यांच्याविषयी आज आपण लिहितो ते बरेच उशिरा.

फुटेज सांभाळणे हे लहान काम आहे, असे तुमच्या पत्राच्या सुरावरून तुम्हाला वाटते. मी विद्यार्थी असताना एका रात्री कार्डावरचे फुटेज उतरवून घेतले आहे असे समजून ते कार्ड पुसले. उतरवले होते ते आदल्या दिवशीचे कार्ड. नटाने दुसऱ्याच दिवशी केस कापले होते, त्यामुळे तीच दृश्ये जशीच्या तशी पुन्हा घेण्याचाही मार्ग उरला नाही आणि आमच्या नायकाला अर्धी कथा टोपी घालून करावी लागली. तुमच्या मैत्रिणीने प्रत्येक कार्डाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर केल्या, फाइली उघडून पाहिल्या आणि मगच कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात जाऊ दिले, असे तुम्हीच पत्रात लिहिले आहे. तसे असेल तर तिच्या नावाखाली ‘फुटेज व्यवस्था’ अशी आणखी एक ओळ घाला.